लग्न होईपर्यंत वैध

खजर मोहम्मद कावुसाचं अक्षर इतकं देखणं होतं की तहसीलदार त्याचा अर्ज नामंजूर करतानासुद्धा हळहळायचे. चाळीस वर्षं तो श्रीनगरात कचेरीच्या फाटकाबाहेर, पत्र्याच्या आडोशाला टेबल मांडून बसला. लोकांची गाऱ्हाणी ऐकायची, त्यातलं रडणं, शिव्या आणि शेजाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार गाळून टाकायचा आणि उरेल ते उर्दूत दोन परिच्छेदांत मांडायचं, हा त्याचा धंदा. अर्जनवीस म्हणत त्याला. हिवाळ्यात फेरनच्या घोळदार झग्यात निखाऱ्यांची कांगडी धरून बसलेला हा माणूस उजवा हात तेवढा बाहेर काढायचा, आणि थंडीनं बोटं आखडली तरी त्याची ओळ कधी तिरकी गेली नाही. अर्जावर डाग पडला, एखादं अक्षर खोडावं लागलं, की तो कागद फाडून नवा घ्यायचा. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणायचा, "मळका सदरा घालून सोयरीक मागायला जाशील का?"

सगळ्या अर्जांत त्याचा हातखंडा होता तो स्टेट सब्जेक्टच्या दाखल्याचा. माणूस पिढ्यान्‌पिढ्या याच मुलखातला आहे हे सांगणारा तो कागद. तो असला तर जमीन नावावर होई, सरकारी नोकरी मिळे. नसला तर दिल्लीचा कितीही बडा साहेब का असेना, त्याला आमच्याकडे भाजीचा वाफासुद्धा विकत घेता येत नसे. खजर मोहम्मदनं लिहिलेला अर्ज कधी अडला नाही असं लोक म्हणत, आणि तोही ते म्हणू देई. त्याच्या बापाचंही हेच टेबल, हाच धंदा. बाप सांगायचा, घर जळलं तर माणूस पुन्हा बांधतो, पण हा कागद गेला तर दारात उभा राहून मी कोण म्हणून विचारावं लागेल. खजर मोहम्मदनं ते ऐकलं आणि जन्मभर खरं धरलं. त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

मुलींच्या दाखल्यावर मात्र एक शिक्का जास्तीचा पडे: लग्न होईपर्यंत वैध. मुलीनं मुलखातल्याशी लग्न केलं की नवऱ्याच्या नावानं नवा दाखला. बाहेरच्याशी केलं तर तिचा या मातीशी संबंध संपला, असंच कचेरीत सगळे धरून चालत. असले शेकडो दाखले खजर मोहम्मदच्या टेबलावरून गेले. त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. मुली तर परक्या घरी जायच्याच, असं म्हणून तो पुढचा कागद ओढायचा.

मग त्याच्या घरात तो प्रसंग आला.

दिलशादा त्याची बहीण, त्याच्याहून नऊ वर्षांनी धाकटी. बाप गेला तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि हा सतराचा. यानं बापाचं टेबल उचललं आणि बहिणीलाही वाढवलं. शाळा सुटली की ती कचेरीच्या फाटकाशी येऊन त्याच्या शेजारी बसे, कोऱ्या कागदांना शिसपेन्सिलीनं रेघा मारून देई. हळूहळू तिचं अक्षर हुबेहूब त्याच्यासारखं झालं. लोक म्हणत, त्याच्याहून सरस. हे त्याच्यासमोर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

घर शहराच्या टोकाला, हारवनच्या बाजूला. मागे दोन कनालची, म्हणजे दहा गुंठ्यांची परसबाग आणि तिच्या मध्यभागी एक अक्रोडाचं झाड. दिलशादा जन्मली त्या वर्षी बापानं ते लावलं होतं. घरात त्याला दुसरं नावच नव्हतं. दिलशादाचा अक्रोड उतरवायला झाला का, दिलशादाच्या अक्रोडावर दोरी बांध, असंच सगळे म्हणत.

अख्तर हुसेन हवामान खात्यात होता, शहाजहानपूरचा. रोज सकाळी उठून पडलेला बर्फ काठीनं मोजायचा आणि वहीत लिहायचा. खजर मोहम्मदची बायको झैना हे ऐकून हसून हसून बेजार झाली. "आमच्याकडे बर्फ बायका खराट्यानं झाडून टाकतात. तो मोजायला सरकार पगार देतं होय?" पण अख्तर शांत होता, सज्जन होता, आणि दिलशादा ज्या शाळेत शिकवायची तिथं मुलांना ढग दाखवायला यायचा. ढगांचं काय झालं ते ठाऊक नाही. या दोघांचं जमलं.

खजर मोहम्मदनं लग्नाला नाही म्हटलं नाही. मुलगा वाईट असता तर नाही म्हणता आलं असतं, तीच तर अडचण होती. निकाहच्या दोन दिवस आधी त्यानं दिलशादाला समोर बसवलं आणि एक कागद तिच्यापुढे ठेवला. सुंदर अक्षरात, एकही खोडाखोड नसलेला. त्यात लिहिलं होतं की मी, अमक्याची मुलगी, वडिलांच्या घरावरचा आणि बागेवरचा हक्क राजीखुशीनं सोडते आहे.

दिलशादानं तो दोनदा वाचला.

"राजीखुशीनं हे कुणी सांगितलं तुम्हाला, भाईजान?"

"तसं लिहायची पद्धत आहे."

"माझा दाखला?"

"त्यावर शिक्का आहे ना. लग्नापर्यंत. शुक्रवारी संपेल तो."

"म्हणजे शुक्रवारी सकाळी मी इथली, आणि शुक्रवारी दुपारी कुठली?"

"दिलशादा, कायदा मी केला नाही."

"नाही केलात. पण अक्षर तुमचंच आहे," ती म्हणाली आणि सही केली. सही अगदी त्याच्याच वळणाची झाली. पटवाऱ्यानं नंतर थट्टा केली, "खजर साब, दोन्ही सह्या तुम्हीच केल्यात की काय?" खजर मोहम्मद हसला, पण त्या दिवशी टेबलावर पुन्हा बसला नाही.

ती गेली ते सत्याऐंशी साल होतं. त्यानंतर आमच्याकडे जे दिवस आले त्यांच्याविषयी मी इथं लिहीत नाही. घरोघरी ते ठाऊक आहेत. दिलशादा यायची, पण दोन-तीन वर्षांतून एकदा, शहाजहानपूरची मिठाई घेऊन, पाहुण्यासारखी. आई गेली तेव्हा रस्ते बंद होते, म्हणून तिला येता आलं नाही. दाखल्याचं पुन्हा कुणी बोललं नाही. दिलशादानं मागे ठेवलेला तो शिक्क्याचा कागद खजर मोहम्मदनं आपल्या पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवून दिला.

मग दोन हजार दोनच्या शरदात वरच्या न्यायालयाचा निकाल आला. मुलीनं बाहेरच्याशी लग्न केलं म्हणून तिचा हक्क जात नाही. तिच्या मुलांचं काय ते वेगळं, पण ती स्वतः या मुलखाचीच राहते. कचेरीच्या फाटकाबाहेर दिवसभर दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणालं, आता मुलखाला भगदाड पडलं. कुणी म्हणालं, बरं झालं, आमच्याही बहिणी आहेत. खजर मोहम्मदनं उर्दू वर्तमानपत्रातली ती बातमी तीन वेळा वाचली. त्यातल्या कलमांचा अर्थ त्याच्याइतका कुणाला कळत होता? दिलशादाला त्याच दिवशी चार ओळी लिहायच्या होत्या. पत्र लिहिणं हाच त्याचा धंदा होता, शाई समोर होती, टपाल चालू होतं.

त्यानं लिहिलं नाही.

झैनाला तो म्हणाला, निकाल फिरेल, उगाच तिला आशा कशाला दाखवा. मनाशी म्हणाला, तिची मुलगी बाहेरची, उद्या बाग बाहेरच्यांच्या हाती जाईल, आणि बापानं हा कागद जपायला सांगितलाय. आणि मनाच्याही तळाशी होतं ते एवढंच, की मुलाचं लग्न ठरलं होतं आणि बागेच्या कडेला दिलशादाची जी खोली होती ती पाडून तिथं मुलासाठी नवं बांधकाम सुरू होतं. भिंती छातीपर्यंत आल्या होत्या. पुढं निकाल फिरवण्यासाठी विधेयक आलं, तेव्हा ते व्हावं असं याला वाटलं. सख्ख्या बहिणीविरुद्धचा कायदा व्हावा म्हणून हा माणूस रोज सकाळी वर्तमानपत्राची वाट बघत होता. विधेयक बारगळलं, तरीही हा मूग गिळून बसला.

निकालानंतरच्या वर्षी, सप्टेंबरात, दिलशादा आली. अक्रोड उतरवायचे दिवस होते. झैना तिच्यासाठी निवडक अक्रोडांची पिशवी भरू लागली, तर ती म्हणाली, "पाहुणीला देतात तसं देऊ नका, वहिनी. मी वेचते." ती झाडाखाली बसली, हिरवी सालं सोलत राहिली, आणि त्या सालांच्या रसानं तिची बोटं काळीकुट्ट झाली, लहानपणी व्हायची तशी. तो डाग आठ-आठ दिवस जात नाही. खजर मोहम्मद शेजारी येऊन बसला. थोड्या वेळानं वर न बघता तिनं विचारलं, "कचेरीत काय नवीन, भाईजान?"

"काय असणार? तेच ते."

"काहीच नाही?"

"काही नाही."

तिनं आणखी एक अक्रोड सोलला. तिसऱ्या दिवशी ती गेली आणि पुन्हा आली नाही. ईदला फोन करायची. ये म्हटलं की म्हणायची, गुडघे दुखतात, शाळेत परीक्षा आहेत, यांची तब्येत बरी नाही. खजर मोहम्मद म्हणायचा, बरोबर आहे, संसार आहे तिचा. झैना त्याच्याकडे बघायची आणि समोवारमधला मिठाचा चहा पेल्यात ओतायची. तिला सगळं ठाऊक होतं. एकदाच ती बोलली. "दुनियेचे अर्ज लिहिता. घरातला तेवढा राहिला."

"लिहू की."

"कधी? दोघं कबरीत गेल्यावर?"

निकालानंतर अशी सतरा वर्षं गेली.

दोन हजार एकोणीसच्या ऑगस्टातल्या पहिल्या सोमवारी सकाळी उठलो तर फोन मुके झाले होते. रस्त्यावर तारांची भेंडोळी, चौकाचौकांत शिपाई. ज्यांच्या छपरावर डिश होती त्यांच्याकडे टीव्ही चालू होता, आणि खजर मोहम्मद शेजारच्या मम कांदरच्या घरी, म्हणजे आमच्या आळीतल्या भट्टीवाल्याकडे, जाऊन बसला. दुपारपर्यंत कळायचं ते कळलं. मुलखाचा वेगळा अधिकार गेला. दाखल्यामागचं कलम गेलं. राज्यच गेलं, त्याचे दोन तुकडे झाले आणि दोन्ही थेट दिल्लीच्या हाताखाली. मम कांदरच्या खोलीत बारा-तेरा माणसं होती. भट्टी तापलेली होती आणि त्या दिवशीच्या दुपारच्या रोट्या तशाच करपल्या.

मम कांदरनं शेवटी विचारलं, "खजर साब, आपले दाखले?"

"ठेव पेटीत," खजर मोहम्मद म्हणाला. "नातवंडांना दाखवायला होतील."

तो घरी आला आणि बागेत जाऊन बसला. चाळीस वर्षांत लिहिलेले ते सगळे अर्ज, ती पटवाऱ्याची टिपणं, ते शिक्के. एका दुपारीत रद्दी. बापानं जे जपायला सांगितलं होतं ते याच्या हयातीत गेलं, आणि जाताना याला कुणी विचारलंसुद्धा नाही. अपमानानं त्याचे कान जळत होते. घरातलं माणूस गेल्यावर रडतात तसं त्याला रडायचं होतं, पण रडू येईना, कारण मधे दुसरंच काही येऊन बसलं होतं. दिलशादाचा दाखला तिच्या लग्नापर्यंत चालला. त्याचा स्वतःचा या सोमवारपर्यंत. ज्या कुंपणापायी बहिणीला बाहेर ठेवलं ते कुंपणच उरलं नाही, आणि बहीण तर बाहेरच राहिली. कुंपण गेल्याचं दुःख खरं होतं. पण त्या दुःखात उभं राहायला त्याला धड जागा उरली नव्हती.

झैना चहा घेऊन आली, झाडाखाली त्याच्याजवळ बसली.

"आता कुणापासून वाचवणार ही बाग?" तिनं विचारलं. टोचून नाही विचारलं. म्हणून जास्त लागलं.

त्यानं ठरवलं की दिलशादाला सांगायचं. पण सांगायचं कसं? मोबाइल बंद, घरचा फोन बंद, टपाल बंद. ईद दोन-तीन दिवसांवर आली तेव्हा कळलं की पोलीस ठाण्यात एक फोन चालू ठेवलाय. रांगेत उभं राहायचं, नंबर द्यायचा, एक मिनिट बोलायचं.

खजर मोहम्मद सकाळी गेला तेव्हा दीडेकशे माणसं त्याच्या पुढं होती. हवालदार आमच्यातलाच होता, पण घड्याळ हातात घेऊन बसला होता. एक मिनिट म्हणजे एक मिनिट. आणि आमच्या लोकांचा घात इथंच होत होता. आमच्याकडे कुणी भेटलं की विचारायचंच असतं: बरा आहेस? खुशाल? गुडघे मजबूत? घरचे बरे? मुलंबाळं बरी? पलीकडचा त्याचं उत्तर देतो आणि हीच सगळी माळ उलट फिरते. ती न फिरवता मुद्द्यावर येणारा माणूस उद्धट. लोक पाच-सहा दिवसांनी लेकाचा आवाज ऐकत होते, गुडघ्यापर्यंत पोचत होते, आणि हवालदार फोन काढून घेत होता. एक म्हातारी बाहेर येऊन कपाळ बडवत होती, औषधाचं सांगायचं राहूनच गेलं म्हणून.

खजर मोहम्मदला ते बघवेना. त्यानं खिशातून कागद काढला, ठाण्याच्या पायरीवर बसला आणि म्हाताऱ्या बाईला तीन ओळी लिहून दिल्या. मग दुसरा आला, मग तिसरा. थोड्या वेळात रांगा दोन झाल्या, एक फोनची आणि एक खजर साबची. लोकांचं रडणं आणि शिव्या गाळायचा त्याचा हात होताच. मम कांदरची मुलगी चंदीगडला शिकत होती. तिच्यासाठी त्यानं लिहिलं: आम्ही सगळे घरी आहोत. आईची गोळी मिळते आहे. तू येऊ नकोस. ईद तिथंच कर.

"एवढंच?" मम कांदरचा चेहरा उतरला. "‘बाळ’ तरी घाला त्यात."

"बाळ म्हणालास की रडशील. रडलास की मिनिट गेलं."

"आणि गुडघे?"

"तुझ्या मुलीचे गुडघे एकोणीस वर्षांचे आहेत. काही होत नाही त्यांना. जा."

लोक त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले. खजर मोहम्मदलाही बरं वाटलं. आपल्या हाताला अजून काम आहे असं वाटलं. त्याचा नंबर आला तेव्हा दुपार टळली होती. स्वतःची चिठ्ठीही त्यानं लिहिली होती, तीन ओळींची. पलीकडे घंटी वाजली आणि दिलशादाचा आवाज आला, "हॅलो? कोण? भाईजान?" आणि याच्या हातातली चिठ्ठी हातातच राहिली.

"दिलशादा, बरी आहेस? खुशाल? गुडघे कसे आहेत? अख्तरमियाँ बरे? मुलगी बरी?"

"सगळे बरे, भाईजान, सगळे बरे. तुम्ही बरे? वहिनी बरी? सूनबाई बरी? नातवंडं?"

"बरी आहेत. सगळी बरी. तुझ्या शाळेत..."

हवालदारानं हात पुढं केला.

बाहेर मम कांदर वाट बघत होता. "सांगितलंत?" खजर मोहम्मदनं नाही म्हणून मान हलवली. मम कांदर हसायला गेला, "आम्हाला एवढ्या चिठ्ठ्या दिल्यात आणि स्वतः गुडघ्यांवर..." मग त्यानं खजर मोहम्मदचा चेहरा पाहिला आणि वाक्य अर्धंच सोडलं. दोघं घरी आले.

ईद आली तशी गेली. मेंढी कुणी कापली, कुणी नाही. चौथ्या दिवशी खजर मोहम्मद पुन्हा रांगेत उभा राहिला. या वेळी त्यानं चिठ्ठी लिहिली नव्हती आणि पायरीवर बसून दुसऱ्या कुणाच्याही लिहिल्या नाहीत. लोकांनी विचारलं तर म्हणाला, आज नाही. नंबर आला.

"दिलशादा, मी बोलतो. मधे बोलू नकोस. दोन हजार दोन साली निकाल लागला होता. लग्नानं मुलीचा हक्क जात नाही असा. तुझा गेलाच नव्हता. मला त्याच दिवशी कळलं होतं, आणि मी तुला कळवलं नाही."

हवालदाराच्या घड्याळाचा काटा अर्ध्यावर आला.

"ठाऊक आहे मला, भाईजान."

"काय ठाऊक आहे?"

"निकाल. यांनी तेव्हाच वर्तमानपत्र आणून दाखवलं होतं. पुढच्या वर्षी म्हणून तर आले होते. अक्रोडाखाली विचारलं नव्हतं का मी, कचेरीत काय नवीन?"

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"काय करायचं होतं मी? सख्ख्या भावापुढं अर्ज करायचा होता?"

हवालदारानं घड्याळाकडे पाहिलं.

"आता ये," खजर मोहम्मद घाईनं म्हणाला. "घर तुझं आहे, बाग तुझी आहे. मी लिहून देतो. आता कुठला कायदा तुला अडवत नाही."

"आता तर तो कुणालाच अडवत नाही, भाईजान." ती म्हणाली. "तुम्हाला सांगू? त्या सोमवारी मी दिवसभर रडत होते. यांना कळेना, जो कायदा मला घराबाहेर ठेवत होता तो गेला तर मी रडते कशाला. माझंही होतं ना ते. नाही म्हणालात तरी माझं होतं. आणि आता मी कशी येऊ? साऱ्या दुनियेला दार उघडलंय, तिच्या रांगेत उभी राहून मी बाबांच्या घरात शिरू? मला घरची मुलगी म्हणून तुम्ही बोलवायचं होतं, भाईजान. चार ओळी लिहायच्या होत्या. मी सतरा वर्षं टपालवाल्याची वाट बघितली."

मिनिट केव्हाच संपलं होतं. हवालदारानं घड्याळ खिशात टाकलं होतं आणि तो खिडकीबाहेर बघत होता.

"अक्रोड कसे आहेत यंदा?" दिलशादानं विचारलं.

"भरलेत."

"बरं," ती म्हणाली, आणि तिनंच फोन ठेवला.

सप्टेंबरात अक्रोड उतरवले. दरसाल झोडपायला येणारे मजूर त्या वर्षी नव्हते. मुलगाच झाडावर चढला. खजर मोहम्मद दिवसभर खाली बसून सालं सोलत राहिला. झैना म्हणाली, आमच्यावर सोडा, हात खराब होतील, तर त्यानं ऐकलं नाही. संध्याकाळी दहाही बोटं काळी झाली होती. त्यानं साबणानं धुतली, राखेनं घासली. डाग हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खिडकीशी लिहायला बसला. आधी पत्र्याच्या पेटीच्या तळातून दिलशादाचा दाखला काढला, त्यावरचा शिक्का पाहिला आणि तो कोऱ्या कागदाशेजारी ठेवला. मग लिहू लागला. सलाम नाही, खुशाली नाही, गुडघे नाहीत. पहिलीच ओळ: दिलशादा, मला ठाऊक होतं. त्याच्याखाली त्यानं सगळं लिहिलं, भिंती छातीपर्यंत आल्या होत्या तेही, आणि रोज सकाळी विधेयकाची वाट बघत होतो तेही. शेवटी लिहिलं, आपल्या घरी ये. लिहिता लिहिता कागदावर बोटाचा काळा ठसा उमटला, ओळीच्या अगदी मध्ये. चाळीस वर्षांत असा कागद त्यानं फाडला नाही असं कधी झालं नव्हतं. तो त्यानं तसाच ठेवला, दाखल्यासकट घडी केली, पाकिटावर शहाजहानपूरचा पत्ता लिहिला आणि चालत टपाल कचेरीकडे गेला.

दार बंद होतं. पाच ऑगस्टपासून बंद होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. टपालपेटीच्या तोंडाला फळी ठोकलेली होती. खजर मोहम्मद पाकीट हातात धरून पायरीवर बसला. हेच पत्र सतरा वर्षांपूर्वी टाकलं असतं तर चार दिवसांत पोचलं असतं.